आमची डोकी मोजून खुर्चीत बसलात, आता हिशोब द्या

पाड्यावरच्या बायांनो, बाप्यांनो आणि शिकल्या-सवरल्या पोरापोरींनो,

४ ऑक्टोबर २०२४ ला मंत्रालयात काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी फोनवर बघितलंय. विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवळ आणि त्यांच्याबरोबर आणखी काही आदिवासी आमदार-खासदार तिसऱ्या मजल्यावरून खालच्या जाळीवर उड्या टाकून मोकळे झाले. तेव्हापासून पाड्यापाड्यात एकच बोलणं आहे. कुणी म्हणतं, "बघा, आपला मानूस आपल्यासाठी जीव टाकतो." कुणी म्हणतं, "जाळी व्हती म्हनून उडी व्हती." भट्टीवरच्या एका म्हाताऱ्याने तर साधंच विचारलं, "पन त्यात आपल्या पलाटाचं काय व्हतं?"

हा म्हातारा शाळेत गेलेला नाही. पण सवाल त्याचाच खरा आहे.

आधी न्यायाने बोलू. ती उडी खोटी नव्हती. मागण्या दोन होत्या: धनगर समाजाला अनुसूचित जमातीत घालू नका, आणि अडकलेली पेसा भरती करा. दोन्ही मागण्यांमागे हजारो आदिवासी पोरांची भाकर आहे. स्वतःच्याच सरकारात बसून स्वतःच्याच मंत्रालयात असं करायला थोडी तरी छाती लागते. निवडणूक तोंडावर होती हेही खरं, पण निवडणूक तोंडावर असताना गप्प बसणारे जास्त असतात.

आता म्हाताऱ्याच्या सवालाकडे या. पेसा भरती म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या जागा तिथल्याच स्थानिक आदिवासींमधून भरायच्या. शहापूर त्यात येतं, मुरबाडची काही गावं येतात. आपला अंबरनाथ तालुका त्यात येत नाही. म्हणजे कोंडेश्वरच्या बाजूच्या ठाकराच्या पोराला किंवा मलंगगडाच्या पायथ्याच्या कातकऱ्याच्या पोरीला त्या भरतीतून एक जागा मिळायची नाही. वनहक्काचा कायदा मात्र तालुका बघत नाही. जिथे जंगल आणि जंगलात कसणारा आदिवासी, तिथे तो लागू. आणि त्या कायद्याखालचे दावे प्रांताच्या कचेरीतून "पुरावा अपुरा" असा शेरा घेऊन परत येतात, तेव्हा त्यासाठी कुठल्या मजल्यावरून कोण पडलं? आम्ही तरी पाहिलेलं नाही.

म्हणून यावेळी बुलेटिनात हाच प्रश्न घेतोय. आपल्यातला माणूस मोठा झाला, आमदार झाला, साहेब झाला, मास्तर झाला, नावाजला, तर त्याने आपल्यासाठी भांडलं पाहिजे असं त्याच्यावर बंधन आहे का?

याला दोन उत्तरं ऐकू येतात आणि आम्हाला दोन्ही पटत नाहीत. पहिलं उत्तर पाड्यावरचं: तो आपल्या रक्ताचा आहे, त्याने केलंच पाहिजे. हे कानाला गोड लागतं, पण रक्ताने कुणी बांधला जात नाही. आपल्याच रक्ताचा मुकादम आपल्याला उचल देऊन भट्टीवर नेतो, तेव्हा रक्त कुठे जातं? दुसरं उत्तर मोठ्या झालेल्यांचं: "मी सगळ्यांचा आहे, मला एका जमातीत कोंडू नका." हे उत्तर अर्धं बरोबर आहे. अर्धं का, ते पुढे बघू.

आमचं म्हणणं असं आहे: प्रश्न रक्ताचा नाही, हिशोबाचा आहे. जो आमच्या नावावर काही घेऊन गेला, त्याच्यावर आमचं देणं आहे. ज्याने आमच्या नावावर काही घेतलं नाही, त्याच्यावर नाही. एवढं साधं आहे. पण हे साधं कुणी कागदावर मांडत नाही, म्हणून मांडतोय.

आमदारांपासून सुरुवात करू. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा. त्यातल्या २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव. लोकसभेच्या ४८ पैकी ४. हे २५ आणि ४ कुठून आले? कुणी दान दिलेले नाहीत. घटनेत लिहिलंय की राज्यात आदिवासींची लोकसंख्या जेवढी, त्या प्रमाणात जागा. २००८ च्या आधी २२ होत्या, मग २००१ च्या जनगणनेवरून २५ झाल्या. म्हणजे डोकी मोजली. त्या मोजणीत बदलापूरच्या बाजूच्या वाडीवरची आजी मोजली, अंबरनाथच्या डोंगराखालचं झोपडं मोजलं, उल्हासनगरला नाक्यावर उभा राहणारा मजूरही मोजला. पण जागा कुठे पडल्या? शहापूर, भिवंडी ग्रामीण, विक्रमगड, डहाणू, पालघर, बोईसर अशा. आपण राहतो तिथे मुरबाड मतदारसंघ खुला, उल्हासनगर खुला, अंबरनाथ अनुसूचित जातींसाठी राखीव. म्हणजे आपली डोकी बेरजेत धरली आणि त्या बेरजेची खुर्ची दुसरीकडे गेली. हे चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. खुर्ची कुठेतरी ठेवावीच लागते. पण मग त्या २५ जणांनी असं म्हणू नये की अंबरनाथ तालुका माझ्या मतदारसंघात येत नाही. तुझ्या मतदारसंघात आम्ही नसू, तुझ्या खुर्चीच्या चार पायांत आहोत. आम्ही मत तुला देत नाही, पण खुर्ची आम्हीच दिली.

"मी सगळ्यांचा" हे उत्तर अर्धंच बरोबर का, ते इथे कळतं. खुल्या जागेवरून निवडून आला असतास तर सगळ्यांचा म्हणायला मोकळा होतास. राखीव जागेवर बसलास तर आधी आमचा, मग सगळ्यांचा.

मग तो आमचा का होत नाही? त्याचं कारण नुसतं मनात शोधू नका, व्यवस्थेत शोधा. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघ हवे होते, म्हणजे दलितांचा प्रतिनिधी दलितांनीच निवडायचा. गांधींच्या उपोषणापुढे ते सोडावं लागलं आणि संयुक्त मतदारसंघ आले: उमेदवार राखीव, मत सगळ्यांचं. पुढे आदिवासींच्या राखीव जागाही त्याच साच्यातून निघाल्या. आता विचार करा. तिकीट देणारा पक्ष मुंबईत. पैसा लावणारा ठेकेदार तालुक्याच्या गावात. निवडून द्यायला आदिवासींबरोबर बाकी सगळ्यांची मतंही लागतात. मग आमदार भीत कुणाला असेल? ज्याच्या हातात तिकीट त्याला. पाड्यावरचा माणूस त्याला पाच वर्षांतून एकदा भेटतो आणि तोही हात जोडून.

शहापूर बघा. वर्षानुवर्षं आदिवासी राखीव. भातसा, तानसा, वैतरणा यांचं पाणी मुंबईच्या नळाला जातं आणि शहापूरच्या पाड्यांवर मे महिन्यात टँकर येतो. तिथे आपलाच माणूस निवडून येत आला. टँकर काही थांबला नाही. म्हणजे नुसता आपला असून भागत नाही.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या दारावरूनच गेलेलं आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो लोक चालत गेले. बहुतेक आदिवासी, पायाला फोड, हातात लाल झेंडा, आणि मुख्य मागणी वनजमिनीची. त्यांच्याबरोबर तेव्हाचे कळवणचे आमदार जीवा पांडू गावित होते, ते स्वतः आदिवासी. मार्च २०२३ ला पुन्हा मोर्चा निघाला, तो आपल्या शेजारी वासिंदला येऊन बसला, आणि सरकारला बोलणी करावी लागली. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांशी आपल्या संघटनेचे मतभेद आहेत, ते असू द्या. बघायचं ते एवढंच की तो आमदार रस्त्यावर का आला. त्याचं काळीज दुसऱ्यांपेक्षा मोठं म्हणून नाही. त्याला मागे खेचणारी, जाब विचारणारी, तिकीट आणि मत दोन्ही हातात असलेली माणसं पाड्यात संघटित होती म्हणून. तिथे उडी मारायला जाळी लागली नाही.

आता साहेबांकडे वळतो. हे दुखणं आमदारापेक्षा जवळचं आहे, कारण साहेब आपल्या ओळखीचा असतो. बदलापुरात, अंबरनाथला, कल्याणला आपली किती माणसं आता फ्लॅटमध्ये राहतात! कुणी शाळेत, कुणी पोलिसात, कुणी रेल्वेत, कुणी महापालिकेत. चांगलं झालं. आम्हाला त्याचा आनंद आहे, आम्ही कुणाच्या फ्लॅटवर जळत नाही. पण त्यातला एक नमुना ऐका, तुमच्या वाडीतही घडला असेल.

नोकरी लागली की जातपडताळणी येते. २००० सालच्या कायद्याप्रमाणे ठाण्याची तपासणी समिती दाखला पडताळते. शंका आली तर दक्षता पथक थेट पाड्यावर येतं. विचारतं: यांचं देवक काय? लग्नात धवळे कोण म्हणतं? हिरवा कसा पुजतात? मेल्या माणसाचं काय करतात? शहरात वाढलेल्या साहेबाला यातलं अर्धं सांगता येत नाही. मग साहेब शनिवारी गाडी घेऊन पाड्यावर येतो. "आजी, उद्या येतील ते, तू सांग." आणि आजी सांगते. मजुरी बुडवून, चुलीवरचं भांडं तसंच ठेवून दोन तास सांगते. तिच्या तोंडच्या शब्दावर, तिच्या अंगठ्यावर साहेबाची व्हॅलिडिटी निघते, नोकरी पक्की होते, पुढे पोरांच्या इंजिनिअरिंगच्या सीटाही त्याच कागदावर मिळतात. (२४ मार्च २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ठाकूर जमातीच्याच प्रकरणात सांगितलं की चालीरीतींची ही परीक्षा म्हणजे अखेरची कसोटी नव्हे. चांगलं झालं. पण तोवर कितीतरी आज्यांनी साक्ष देऊन ठेवलेली आहे.)

आता त्याच आजीचा वनहक्काचा दावा घ्या. वनहक्क नियमांतला नियम १३ सांगतो की पुराव्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन चालतं, फक्त ते दावेदाराचं स्वतःचं नको. म्हणजे शेजारच्या म्हाताऱ्याने सांगायचं की ही बाई तेरा डिसेंबर २००५ च्या आधीपासून या पलाटात नागली-वरी करते. २०१२ च्या दुरुस्तीत तर स्पष्टच केलं की अमुकच कागद आणा असा हट्ट कमिटीने धरायचा नाही. पण कचेरीत काय होतं? "दंडाची पावती आहे का?" नाही. "मग नाही." कातकऱ्याला गार्डने दंड केला तेव्हा पावती दिलीच नाही, कोंबडी नेली. कोंबडीची पावती कुठून आणायची?

बघा काय झालं. आजीच्या तोंडच्या शब्दावर साहेबाची नोकरी पक्की होते. आजीच्या जमिनीसाठी म्हाताऱ्याच्या तोंडचा शब्द चालत नाही. एकाच पाड्यावरची साक्ष, एकीकडे सोनं, एकीकडे माती. आणि हे ज्याला कायद्याच्या भाषेत सांगता आलं असतं, ज्याला नियम १३ वाचता येतो, फेटाळणीचं कारण लेखी मागता येतं, साठ दिवसांच्या आत वरच्या कमिटीकडे अर्ज लिहिता येतो, तो साहेब त्या दिवशी बदलापुरात असतो. चार किलोमीटरवर.

त्याला विचारलं तर काय म्हणतो? "मी सरकारी नोकर आहे, मला आंदोलनात येता येत नाही." बरं, नको येऊ आंदोलनात. अर्ज लिहून देणं हे आंदोलन नाही. रविवारी पाड्यावर बसून पंचवीस दाव्यांचे नकाशे आणि जोडपत्रं तपासणं हा काही बंड नाही. "मी माझ्या कष्टाने शिकलो." शिकलास, खरं आहे. आश्रमशाळेतला भात आणि त्यातली अळी आम्हालाही माहीत आहे. पण जागा राखीव होती, ती आजीच्या डोक्यावर मोजून राखली होती, आणि दाखला आजीच्या साक्षीवर मिळाला. कष्ट तुझे, जागा आमची. दोन्ही लिहून ठेव.

शिकलेल्यांबद्दलचं हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. बाबासाहेबांनीसुद्धा मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या जाहीर सभेत आपल्या समाजातल्या शिकलेल्यांबद्दल मनातलं दुःख बोलून दाखवलं होतं. ज्यांच्यासाठी आयुष्य झिजवलं ते शिकून आपापल्या संसाराला लागले, अशी ती खंत होती.

पण सगळ्यांनाच एका काठीने हाकू नका. आपल्याकडे दुसरीही एक खोड आहे: कुणी जरा नावाजला की त्याच्याकडून भाषण मागायचं. सावरपाड्याची कविता राऊत २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली. ती आपल्या नावावर धावली नाही, आपल्या पायांवर धावली. घड्याळात राखीव सेकंद नसतात. तिने वनहक्कावर बोललं तर तिचे उपकार, नाही बोलली तर तिच्यावर बोट उचलायचा आपल्याला हक्क नाही. तसेच जिव्या सोमा मशे. डहाणूच्या पाड्यावरचा माणूस, लग्नाच्या चौकाची चित्रकला कागदावर नेली, २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेले. आज बदलापूरच्या नव्या टॉवरांच्या कंपाउंडवर तारप्याचा नाच रंगवलेला असतो, आणि तो टॉवर ज्या माळावर उभा आहे तिथली कातकऱ्यांची झोपडी उठवलेली असते. हा राग मशेंवर काढायचा का? त्यांनी चित्र काढलं, तेच त्यांचं बोलणं. राग टॉवरवाल्यावर काढा.

आणि शिकलेल्या पोरांची एक तक्रार आम्हाला मान्य आहे. आदिवासी डॉक्टर झाला की त्याला आदिवासी प्रकल्पातच टाकतात, आदिवासी अधिकारी आला की "तुमच्या लोकांचं तुम्ही बघा" म्हणतात, बाकीच्या टेबलावर त्याला कुणी विचारत नाही. देशमुख डॉक्टरला कुणी म्हणत नाही की तू फक्त देशमुखांना तपास. ही जातीचीच दुसरी बाजू आहे. म्हणून आम्ही साहेबाला म्हणत नाही की तू दुसरं काही करू नको. हृदयाचा डॉक्टर हो, जज्ज हो, विमान चालव. आमचं देणं तेवढं फेड.

जयपाल सिंह मुंडांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. छोटानागपूरचा मुंडा पोरगा, ऑक्सफर्डला शिकला, १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकला हिंदुस्थानच्या हॉकी संघाचा कप्तान, आयसीएसची नोकरी हातात आलेली. ती सोडली. साहेबी चाकऱ्या केल्या, पण १९३९ ला आदिवासी महासभेचा अध्यक्ष झाला, आणि डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत उभा राहून देशातल्या मोठमोठ्यांना आदिवासींच्या बाजूने सुनावलं. कुठल्याही राखीव खुर्चीने त्याला बांधलं नव्हतं, तरी आला. आपली पोरं त्याचा फोटो लावतात, बरोबरच लावतात. पण त्याच जयपाल सिंहांनी १९६३ मध्ये आपला झारखंड पक्ष काँग्रेसमध्ये विलीन करून टाकला, आणि झारखंड राज्य व्हायला २००० साल उजाडलं. फोटो लावताना हेही पोरांना सांगा. एका मोठ्या माणसाच्या खांद्यावर सगळं ओझं ठेवलं की तो खांदा वळला की सगळं वळतं.

आता शेजारच्या उल्हासनगरकडे बघा. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकीत आले, घरदार मागे टाकून. ८ ऑगस्ट १९४९ ला कॅम्पाचं उल्हासनगर झालं. त्यांच्यातल्या शिकलेल्यांनी आणि पैसेवाल्यांनी काय केलं? १९४९ मध्येच शिक्षणमंडळ काढलं. त्याच मंडळाचं सीएचएम कॉलेज स्टेशनाजवळ उभं आहे, बदलापूर-वांगणीची आपलीही पोरं तिथे शिकून आली. मदत आधी आपल्यांना केली, पण दार सगळ्यांना उघडं ठेवलं. "एका जमातीत कोंडू नका" म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

आणि एक गंमत ऐका. २००६ साली महाराष्ट्र सरकारने खास उल्हासनगरसाठी कायदा केला: शहरातली बेकायदा बांधकामं नियमित करायची. त्याच २००६ साली दिल्लीत वनहक्क कायदा झाला: जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याच्या नावावर जमीन करायची. एकाच सालचे दोन कायदे, एक इमल्यांसाठी, एक पलाटांसाठी. शहरातल्या माणसाला "अतिक्रमणवाला" म्हटलं की चार वकील उभे राहतात. आपल्याला म्हटलं की आपण मान खाली घालतो. सिंध्यांचा आम्हाला राग नाही, त्यांनी घर गमावलं होतं. हेवा आहे तो त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांचा.

आणि आता वेळ थोडा आहे. वडोदरा-मुंबई महामार्ग बदलापूरजवळून डोंगराखालच्या बोगद्यातून पनवेलकडे चाललाय. बारवीचं पाणी अंबरनाथ-डोंबिवलीच्या कारखान्यांना, उल्हासनगरला, पार मीरा-भाईंदरला जातं, आणि धरणाची उंची वाढवताना ठाकर-कातकरीच उठले. धरण असो, रस्ता असो, ज्याच्या नावाचा कागद त्याला मोबदला. ज्याचा दावा कचेरीत धूळ खातोय त्याला हुसकावणी. कायद्याच्या कलम ४(५) मध्ये लिहिलंय की दाव्याची पडताळणी पुरी झाल्याशिवाय कुणाला जमिनीवरून काढता येणार नाही. पण ते कलम बुलडोझरसमोर वाचून दाखवायला कुणीतरी उभं पाहिजे.

म्हणून संघटनेने ठरवलंय ते असं. प्रत्येक पाड्याच्या वनहक्क समितीने एक वही घालायची. त्यात आपल्या पाड्यावरून जातीच्या दाखल्यासाठी, पडताळणीसाठी कोण कोण साक्षीला घेऊन गेलं, त्याचं नाव आणि साल लिहायचं. बदनामीसाठी नाही. वही चावडीवर टांगायची नाही, बाहेरच्याला दाखवायची नाही. त्या प्रत्येकाच्या घरी पाड्यावरचे दोघे-तिघे जातील, त्यात ज्या आजीने साक्ष दिली ती असलीच पाहिजे, आणि हात जोडून नव्हे तर शेजारी बसून सांगतील: महिन्यातला एक रविवार दे. दावे वाच, फेटाळणीची पत्रं वाच, अपील लिही. तारखेला प्रांताच्या कचेरीत रजा टाकून आमच्याबरोबर बाकावर बस, तेवढंच. इंग्रजी फाडफाड बोलणारा माणूस बाजूला बसला की साहेबाचा आवाज खाली येतो, हे आपण पाहिलेलं आहे.

२५ आमदार आणि ४ खासदारांना ग्रामसभेच्या ठरावाने पत्र जाईल. ठरावाला निम्मी माणसं हजर लागतात आणि त्यात एक तृतीयांश बाया लागतात, तेव्हा भट्टीला जायच्या आधी, दिवाळीच्या आतच ग्रामसभा घ्या. पत्रात तीन सवाल: अंबरनाथ तालुक्यातल्या वनहक्क दाव्यांवर सभागृहात कधी बोललात, किती वेळा बोललात, काय उत्तर मिळालं. उत्तर आलं तर पुढच्या अंकात जसंच्या तसं छापू. नाही आलं तर कोरी जागा सोडू, वर आमदाराचं नाव टाकून.

ज्या पाड्यांच्या दाव्यांची पोच हरवली असेल त्यांनी पोचेची नक्कल कचेरीतून माहितीच्या अधिकारात मागून घ्यावी. अर्जाचा नमुना या अंकाबरोबर जोडला आहे. दहा रुपयांचं तिकीट लावायला विसरू नका.